इंजेक्टर बदलण्याआधी इनटेक व्हॉल्व्ह पाहून घ्या

आपल्या १ लिटर टर्बो पेट्रोल गाडीचे ५८ हजार किलोमीटर झाले आहेत. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मिनिटभर थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागतो, गरम झाल्यावर सारे सुरळीत होते आणि सर्व्हिस सेंटरने आता पेट्रोल फवारणारे तिन्ही इंजेक्टर बदलायला सांगितले आहेत, असे आपण लिहिले आहे. हे वाचताना तीन वर्षांपूर्वीचे माझे पाच महिने डोळ्यांपुढे उभे राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझी गाडी चार सिलिंडरची आणि थोडी मोठी होती, परंतु रचना हीच होती: टर्बो, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही आणि आपली गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढील मजकूर एका ग्राहकाचा अनुभव एवढ्याच अर्थाने घ्यावा.

माझ्याकडे पहिल्या भेटीत स्पार्क प्लग बदलले गेले, दुसऱ्या भेटीत प्लगना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चारही कॉइल आणि तिसऱ्या भेटीत हाय प्रेशर फ्युएल पंप. प्रत्येक वेळी गाडी आठ-दहा दिवस बरी चालल्यासारखी वाटे आणि मग एखाद्या गार सकाळी पुन्हा तेच आचके सुरू होत. तिन्ही बिले मिळून ७४ हजार रुपये झाले. या काळात सर्व्हिस ॲडव्हायझरच्या सांगण्यावरून पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या क्लीनरच्या सहा बाटल्याही मी संपवल्या. पैसे फ्युएल पंप बदलण्यात सर्वाधिक गेले, तरी माझी सर्वांत मोठी चूक मी या बाटल्यांवर विश्वास ठेवण्याची मानतो, कारण त्यांच्यामुळे "सफाई तर चालूच आहे" असे मला वाटत राहिले आणि खरी जागा उघडून पाहण्याचा आग्रह मी पाच महिने धरलाच नाही.

यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या पोर्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोलचा फवारा सिलिंडरच्या बाहेर, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि तो व्हॉल्व्ह पेट्रोलनेच धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरचे तोंड सिलिंडरच्या आत असते आणि पेट्रोल साधारण २०० ते ३५० बार दाबाने तिथेच फवारले जाते. इनटेक व्हॉल्व्हवरून जाते ती केवळ हवा, आणि त्या हवेसोबत क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागातून, परत वळवलेली ऑइलची वाफ. ही वाफ गरम व्हॉल्व्हवर बसते, करपते आणि थरावर थर चढत जातो. थर जाड झाला की हवेचा प्रवाह विस्कळीत होतो, आणि थंड इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आधीच नाजूक असल्याने तेव्हाच मिसफायर होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये ते नीट पेटत नाही. टाकीत ओतलेले औषध पेट्रोलच्याच वाटेने जाते. इंजेक्टरच्या तोंडाला त्याचा थोडाफार उपयोग होऊ शकेल, पण पेट्रोल जिथे पोचतच नाही त्या व्हॉल्व्हच्या पाठीला तो होणे शक्य नाही. टोयोटाने आपल्या डी-४एस प्रणालीत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवले आहेत, आणि व्हॉल्व्ह स्वच्छ राहणे हा त्या रचनेचा एक मोठा फायदा आहे.

शेवटी भोसरीतील एका लहान गॅरेजमध्ये इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्या) उतरवून आत बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घातला, तेव्हा व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तव्याच्या बुडाला बसावी तशी जाड, खरबरीत काजळी दिसली. अक्रोडाच्या कवचाचा भरडा दाबाच्या हवेने मारून ती काढली. अर्धा दिवस लागला आणि १४ हजार रुपये खर्च आला. त्यानंतर आजवर मिसफायरचा कोड आलेला नाही. हे काम करवून घेताना एक गोष्ट स्वतः उभे राहून पाहावी: ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असले पाहिजेत, नाहीतर भरडा आत जाऊन नवे संकट उभे राहते.

आता वॉरंटीविषयी, कारण आपली एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असल्याचा उल्लेख आपण केला आहे. माझीही चालू होती. दावे पाहणाऱ्या कार्यालयाने आधी सांगितले की बदललेले पार्ट सदोष होते याचा पुरावा हवा, आणि नंतर सांगितले की काजळी हा देखभालीचा विषय असल्याने वॉरंटीत बसत नाही. प्रत्येक फोनला नवी व्यक्ती, प्रत्येक वेळी तीच कागदपत्रे पुन्हा मागवायची, आणि लेखी नकार मात्र अडीच महिन्यांनी. पुरावा माझ्याकडे नव्हता, कारण जुने पार्ट मी परत मागितले नव्हते आणि जॉब कार्डावर फक्त "बदलले" एवढेच लिहिले होते. कोणत्या चाचणीत पंप नापास झाला, दाब किती मिळाला, हे कुठेच नोंदलेले नव्हते. याचा मला आजही राग येतो. पैसे ग्राहकाकडून घेऊन अंदाजाने पार्ट बदलत राहणे याला निदान म्हणता येत नाही. आपण इंजेक्टरला होकार देण्यापूर्वी चाचणीचे आकडे जॉब कार्डावर लिहून मागावेत, आणि जुने पार्ट परत हवेत हेही त्यावरच लिहून घ्यावे.

आपल्या स्कॅनवर पी०३०२ हा दोषाचा कोड आला आहे, म्हणजे मिसफायर दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे. त्याची कॉइल पहिल्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलचा, तिथेच राहिला तर पुढे शोधावे. या तपासणीला काहीही खर्च नाही, तरी माझ्या बाबतीत ती कोणी केली नाही. गळका इंजेक्टर किंवा सिलिंडरमध्ये झिरपणारे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) यांनीही सकाळी अशीच थरथर होऊ शकते, म्हणून कूलंटची पातळी कमी होते का, हेही पाहावे.

या इंजिनांना वाईट म्हणण्याची माझी इच्छा नाही. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या याच रचनेच्या ९९९ सीसी टीएसआय इंजिनातून ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर मिळतात, तेही कमी फेऱ्यांवर. खंबाटकीचा घाट चढताना त्याचे मोल कळते. परंतु टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढची गाडी घेताना ध्यानात ठेवावे. टाटा नेक्सॉनच्या १.२ लिटर पेट्रोलला टर्बो आहे, इंजेक्शन मात्र पोर्टमध्ये आहे, त्यामुळे हा विशिष्ट त्रास तिथे सहसा उद्भवत नाही.

ऑइलबाबत माझे मत थोडे कडक आहे. आपला रोजचा प्रवास सहा-सात किलोमीटरचा असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, ते पाहावे. मी ७,५०० किलोमीटरला ऑइल बदलतो, पुस्तिकेत काहीही लिहिले असले तरी. ऑइल पुस्तिकेतील मानकाचेच घ्यावे, आणि त्यात बसत असेल तर २०२० पासून आलेल्या एपीआय एसपी दर्जाचे, कारण वरच्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता ठिणगीआधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटण्याचा जो धोका असतो, तो या दर्जात विचारात घेतलेला आहे.

बोअरस्कोपची छायाचित्रे मिळाली की तिन्ही सिलिंडरची इथे टाकावीत. दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह इतर दोघांपेक्षा ठळकपणे काळा असेल तर इंजेक्टरचे अंदाजपत्रक तूर्त बाजूला ठेवता येईल.