वाचकांचे प्रश्न : डिस्क गोल्फमधील रेटिंग कसे ठरते?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात शिकते आणि तिथे डिस्क गोल्फच्या (तबकडी कमीत कमी फेकींत ठरावीक टोपल्यांत टाकण्याच्या खेळाच्या) स्पर्धा खेळते. अलीकडे एकाच कोर्सवर (मैदानावर) शनिवारी आणि रविवारी तिने प्रत्येकी 58 फेकींत फेरी पूर्ण केली, तरी रविवारच्या फेरीचे रेटिंग सुमारे 30 गुणांनी जास्त आले. पुढच्या महिन्यात मात्र, एकही फेरी वाईट झालेली नसताना, तिचे एकूण रेटिंग उतरले. असे का होते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांचे मूळ वेगवेगळे आहे, कारण फेरीचे रेटिंग आणि खेळाडूचे रेटिंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दोन्ही ठरवते ती 1976 मध्ये स्थापन झालेली प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, अर्थात पीडीजीए.

फेरीच्या रेटिंगचा ‘पार’शी, म्हणजे कोर्ससाठी अपेक्षित धरलेल्या फेकसंख्येशी, काहीही संबंध नसतो. त्या दिवशी कोर्सच्या त्याच मांडणीवर खेळलेल्या ज्या खेळाडूंचे रेटिंग आधीपासून 799 च्या वर आहे आणि किमान 8 फेऱ्यांवर आधारलेले आहे, त्यांच्या फेकींच्या संख्येवरून कोर्सची त्या दिवसाची कठीणता मोजली जाते. असे किमान 5 खेळाडू नसतील तर फेरीला रेटिंगच मिळत नाही. 1000 रेटिंगच्या खेळाडूला त्या दिवशी सरासरी किती फेकी लागल्या असत्या, हा आकडा त्यातून काढतात. समजा, शनिवारी अशा खेळाडूंचे सरासरी रेटिंग 940 होते आणि त्यांना सरासरी 56 फेकी लागल्या. मध्यम लांबीच्या कोर्सवर एक फेक साधारण 10 गुणांची धरली जाते, म्हणून 1000 चा आकडा 50 फेकींवर येतो आणि 58 फेकींना सुमारे 920 गुण मिळतात. रविवारी वारा सुटला आणि त्याच खेळाडूंना सरासरी 59 फेकी लागल्या, तर 1000 ची पातळी 53 वर सरकते आणि त्याच 58 फेकी सुमारे 950 च्या ठरतात. सगळ्यांचा खेळ घसरला असताना आपल्या कन्येने आपली फेकसंख्या राखली, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ अशी कामगिरी ओळखण्यातच आहे. छोट्या, सोप्या कोर्सवर एका फेकीचे मोल 10 पेक्षा जास्त आणि लांब, अवघड कोर्सवर कमी असते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता एकूण रेटिंगकडे वळू. खेळाडूच्या सर्वांत अलीकडच्या रेटिंगपात्र फेरीपासून मागे 12 महिन्यांतल्या फेऱ्यांची ही सरासरी असते, आणि त्या काळात 8 पेक्षा कमी फेऱ्या असतील तर 24 महिन्यांपर्यंत मागे जातात. पुरेशा फेऱ्या असल्यास त्यांपैकी सर्वांत ताज्या एक चतुर्थांश फेऱ्या दुप्पट धरल्या जातात. त्यामुळे नवी फेरी बेताची, पण वाईट नसली, तरी दोन ठिकाणी नुकसान होऊ शकते: वर्षभरापूर्वीची एखादी उत्कृष्ट फेरी मुदतीबाहेर जाते, किंवा काही महिन्यांपूर्वीची चांगली फेरी ताज्या चतुर्थांशातून बाहेर पडून तिचे दुप्पट वजन गमावते. मुदत आजच्या तारखेपासून नव्हे, शेवटच्या फेरीपासून मोजली जात असल्यामुळे खेळ थांबवल्याने जुन्या फेऱ्या गळत नाहीत. पुन्हा स्पर्धेत उतरल्यावर मात्र त्या एकदम गळू शकतात. उलट, सरासरीपेक्षा 100 गुणांहून अधिक खाली गेलेली फेरी बहुधा वगळली जाते, म्हणून एका फसलेल्या दिवसाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

या उतरलेल्या आकड्याची एक बाजू खेळाडूच्या सोयीचीही असते. हौशी गटांना रेटिंगची कमाल मर्यादा असते. उदाहरणार्थ, स्त्री-पुरुष दोघांसाठी खुल्या असलेल्या मिश्र इंटरमीजिएट गटात 936 पेक्षा कमी रेटिंगचेच खेळाडू उतरू शकतात. आपली कन्या त्या रेषेच्या आसपास असेल, तर काही गुणांच्या फरकाने तिचा गट बदलू शकतो. पीडीजीएच्या संकेतस्थळावर तिच्या नावाखालील रेटिंगच्या तपशिलात प्रत्येक फेरी हिशेबात धरली आहे की नाही, हे नोंदलेले असते. मागच्या महिन्याची यादी या महिन्याच्या यादीशी ताडून पाहिली, तर कोणती फेरी गळली ते लगेच दिसेल.