साठ मीटर घेण्याआधी रात्री तीनचा आकडा बघा

तुमचा प्रश्न असा: इंजिनिअरिंग कॉलेज, दोन वसतिगृहं, सगळी वीज एकाच एचटी (उच्च दाबाच्या) मीटरवर, आणि ६० स्मार्ट मीटर अधिक डॅशबोर्डचं कोटेशन टेबलावर पडलंय. सही करायची का?

एवढ्यात नको. कॅम्पसच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली. भिंतीवरच्या स्क्रीनवर ग्राफ नाचतायत आणि बघणारा कोणी नाही, हे मी पाहिलंय. आधी फुकटचं काम करा. महावितरणकडून तुमच्या मीटरचा लोड सर्व्हे, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज गेली याची मीटरमधली नोंद, मागवा आणि रविवारच्या पहाटे ३ चा लोड कामाच्या दिवसाच्या दुपारशी ताडून बघा. वर्ग बंद, लॅब बंद, मग ही वीज खातंय कोण? वॉटर कूलर, लॅबचे एसी, विनाकारण चालू राहिलेले संगणक, एक्झॉस्ट. हे शोधायला मेन एलटी (कमी दाबाच्या) पॅनेलच्या प्रत्येक फीडरवर, म्हणजे तिथून निघणाऱ्या प्रत्येक लाइनवर, एक मीटर पुरतो. आठ-दहात भागेल.

मीटर बसले की लगेच सीटी रेशो तपासा. सीटी म्हणजे मोठा करंट मीटरला पेलेल इतका लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर; त्याचं प्रमाण मीटरमध्ये तेच भरलेलं हवं. सीटी २००/५ चा आणि मीटरमध्ये भरलंय १००/५, की आकडा थेट निम्मा. फीडरची बेरीज मेनच्या जवळपास आली नाही तर कॉन्ट्रॅक्टरचं बिल थांबवा.

आता पाणी. इथे खरा पैसा गळतो, पण तुम्ही त्यावर एकच ओळ लिहिलीय! आमच्याकडे एका वसतिगृहाच्या ओव्हरहेड टाकीच्या आउटलेटला मीटर लावला. दिवाळीची सुट्टी, खोल्यांना कुलपं, तरी तासाला साधारण ९०० लिटर जातच होतं. दिवसाचे २१,६०० लिटर. माणशी १३५ लिटर धरले तर १६० मुलांचं पाणी. प्लंबरला मजल्यागणिक व्हॉल्व्ह बंद करायला लावले, तेव्हा सापडलं: आवाज न करता वाहणारे फ्लश आणि डक्टमधला एक जॉइंट. शिवाय हे पाणी वर चढवायला पंप चालतो, म्हणजे वीजही त्याच गटारात. एक सांभाळा: अर्ध्या भरलेल्या पाइपवर मीटर लावू नका, हवासुद्धा लिटरमध्ये मोजली जाते.

मुलांमध्ये वीज-पाणी वाचवायची स्पर्धा लावायची तुमची कल्पना चांगली आहे. अमेरिकेत ओहायोच्या ओबर्लिन कॉलेजने २००५ मध्ये वसतिगृहांत दोन आठवड्यांची स्पर्धा घेतली. वीज ३२ टक्के उतरली, पाणी फक्त ३ टक्के. मला त्यात नवल वाटलं नाही. दिवा मुलं बंद करतात, आंघोळ कोण आवरतं? म्हणून विजेचे आकडे मेसच्या दाराशी लावा, पाण्याचे प्लंबरच्या हातात द्या.

आणि रात्रपाळीच्या वॉचमनला एक वही द्या. रोज पहाटे ३ वाजता दोन्ही वसतिगृहांच्या टाक्यांवरच्या मीटरचं रीडिंग आणि तासाभराने पुन्हा. महिनाभराने ती वही घेऊन प्राचार्यांकडे जा, मग कोटेशनचं बोला.