“थोडं वर लावू या ना टेंट”

“मॅडम, अकरा दिवस चोवीस तास एकत्र होतो आणि घरी आलो तेव्हा एकमेकांशी बोलावंसंच वाटेना. म्हणजे आमचं मुळात जमतच नाही का?”

मी जोडप्यांचं समुपदेशन करते. लांबच्या प्रवासाहून परतलेली बरीच जोडपी मला हे विचारतात. ही दोघं मोटरसायकलवरून नदीच्या काठाकाठाने उगमाच्या दिशेने गेली होती, मुक्काम टेंटमध्ये. लग्नाला सहा वर्षं झालेली. गाडी तो चालवायचा, ती मागे. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पहिल्याच भेटीत ती म्हणाली, “हा माझं ऐकतच नाही.” तो म्हणाला, “अगं, गाडीवर ऐकूच येत नाही!” दोघांचंही खरं होतं. गाडी वेगात असताना हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज सहज 90 डेसिबलच्या पुढे जातो. दिवसभर एकमेकांना खेटून बसायचं, पण चेहरा दिसत नाही आणि बोललेलं पोचत नाही. पाठ भरून येते, तहान लागते, मघाचं वळण चुकलं असं वाटतं, आणि हे सगळं मनातच साठत राहतं. गाडी थांबते तेव्हा दिवस मावळत आलेला, दोघंही भुकेले, आणि टेंट तर उभा करायचाच असतो. मी त्यांना एकेक भांडण आठवून त्याची वेळ सांगायला लावली. नऊपैकी सात भांडणं टेंट लावतानाची निघाली.

हे कळल्यावर तो सैलावला. ती मात्र तशीच बसून होती. मला वाटलं, हिचं दुखणं वेगळं आहे.

ते पाचव्या रात्रीचं होतं. पाण्याजवळ वाळूची छान सपाट जागा मिळाली होती. ती म्हणाली होती, “थोडं वर लावू या ना टेंट, इथले दगड ओले दिसतायत.” तो म्हणाला, वर अशी सपाट जागा कुठे मिळणार? रात्री दोनच्या सुमारास तिच्या पायांना गार लागलं. वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस झाला असावा, पाणी चढलं होतं. टॉर्च तोंडात धरून तिने खुंटे उपटले आणि दोघांनी टेंट तसाच फरफटत वर नेला. दोन खुंटे पाण्यातच राहिले. सकाळी त्याने मुकाट्याने स्लीपिंग बॅगा वाळत घातल्या. रात्रीबद्दल चकार शब्द नाही.

“पण काही झालं तर नाही ना,” माझ्यासमोर तो दोनदा म्हणाला. त्यानंतर सहा दिवस तिने काही सुचवणंच सोडून दिलं होतं. त्याला वाटलं, रुसली आहे. मागे बसणाऱ्याच्या हातात ना हँडल ना ब्रेक, आपला जीव दुसऱ्याच्या भरवशावर टाकून बसायचं. त्यात बोललेल्या शब्दालाही किंमत नसेल तर उरतं काय?

तिच्याशी एकटीशी बोलताना मी आणखी एक विचारलं: भांडणानंतर तो गाडी पळवतो का? एकदा पळवली होती. हे मी हलक्यात घेत नाही. मागे माणूस बसलेलं असताना रागात ॲक्सिलरेटर पिळणं म्हणजे धमकावणंच, हे तिची संमती घेऊन मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून त्यांना रांगत एक उशी पलीकडे न्यायला लावली होती. साधं, कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा ती आपल्या नात्याबद्दल अधिक समाधानी दिसली. नवं काही मिळून केल्याने जवळीक वाढते, हे मलाही पटतं. पण तो खेळ सात मिनिटांचा होता. अकरा दिवसांच्या थकव्याची गोष्ट निराळी, म्हणून प्रवासातल्या भांडणांवरून अख्ख्या नात्याचा निकाल लावू नका, असं मी सांगते.

पुढच्या प्रवासासाठी दोघांनी खुणा ठरवल्या. खांद्यावर दोन थापा पडल्या की पुढच्या बऱ्या जागी गाडी थांबलीच पाहिजे. मुक्काम उजेड असतानाच गाठायचा. उतरल्यावर आधी पाणी, खाणं आणि वीस मिनिटं नुसतं बसणं. चढलेला राग शरीरातून उतरायला किमान तेवढा वेळ लागतो, असं मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या अभ्यासातून मांडलं आहे. आणि जिथे धोक्याचा प्रश्न असेल तिथे ज्याला जास्त भीती वाटते त्याचं ऐकायचं, वाद न घालता. या शेवटच्या अटीवर तो अडला होता. मीही ती सोडली नाही.

चौथ्या भेटीत, दुसरंच काही चाललेलं असताना, तो तिच्याकडे वळून म्हणाला, “त्या रात्री तू सांगितलं होतंस. बरोबर होतं तुझं.”

ती म्हणाली, “मला वाटलं, तुला आठवतही नसेल.”

“दगडांवर ओल कुठपर्यंत होती तेसुद्धा आठवतंय,” तो म्हणाला.