खरारा जमतो, खूर उचलता येत नाही

"मुलाला घोड्यांचं वेड आहे, पण एक पाय अधू. लाथ बसली तर? आणि पोट कसं भरणार?" असं विचारणारे पालक सल्ला मागायला आले की मला रेवा आठवते. (नाव बदललं आहे.)

बारावी सायन्स झालेली रेवा आईबाबांबरोबर आली होती. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं. उजवा हात आणि पाय अशक्त. लहानपणी उपचार म्हणून तिला घोड्यावर बसवायचे. घोडा चालताना पाठीवर बसलेल्याची कंबर आपण चालताना हलते साधारण तशीच हलते, म्हणून हा उपचार. तो संपला, घोडे काही मनातून गेले नाहीत. बाबांचं म्हणणं, सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे, तिने परीक्षा द्याव्यात. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, घोडा बिथरला तर हिला पळता यायचं नाही."

ही भीती खरी होती आणि मी ती उडवून लावली नाही. पण बिथरलेल्या घोड्यापुढे धडधाकट माणूस तरी कुठे पळून सुटतो? कुठे उभं राहायचं हे कळणं जास्त मोलाचं. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जवळ जायचं. त्याने कान मागे चिकटवले की थांबायचं.

रेवाने डेन्मार्कच्या लिस हार्टेलचं नाव घेतलं. पोलिओने गुडघ्यांखाली पाय लुळे, तरी 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक. बाबा म्हणाले, "ते ऑलिंपिक झालं गं. रोजचं काम कोण देणार?" मला त्यांचं पटलं. पदकाच्या गोष्टीवरून कामाचा निर्णय होत नाही.

मी एकच सुचवलं: ओळखीच्या तबेल्यात महिनाभर रोज पहाटे जायचं आणि प्रत्येक कामापुढे जमतं की नाही ते वहीत लिहायचं. आईच्या अटी होत्या: हेल्मेट, जाड बूट, आणि घोड्याजवळ एकटीने जायचं नाही.

वही प्रामाणिक होती. खरारा, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासणं, डाव्या हाताने जमतो, वेळ दुप्पट लागतो. बादली अर्धी भरली तर उचलते. खोगीर चढत नाही. खूर साफ करणं अशक्य, कारण एका हाताने पाय धरावा लागतो आणि दुसऱ्याने माती खरवडावी लागते. पण मागच्या पानांवर कुणी न सांगता तिने प्रत्येक घोड्याचा चारा, पाणी आणि लीद यांची नोंद ठेवली होती. एका पहाटे एका घोडीने चंदीला, म्हणजे दाण्याला, तोंड लावलं नव्हतं, लीदही नव्हती, आणि ती सारखी वळून पोटाकडे बघत होती. रेवाने लगेच सांगितलं, डॉक्टर वेळेत आले. पोटशूळ होता. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे हे दुखणं काही तासांत जिवावर बेतू शकतं. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दारकाका मला फोनवर म्हणाले, "ही पोरगी घोडा बघते."

तिथून दिशा मिळाली. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडा आहार लागतो, आणि दाणा अचानक बदलला तरी पोट बिघडू शकतं. हे सांभाळणारं माणूस मोठ्या तबेल्यांना आणि घोड्यांची पैदास करणाऱ्या स्टड फार्मना लागतंच. पशुवैद्यकीय पदवीचाही विचार झाला. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. पण साडेपाच वर्षांच्या त्या शिक्षणात मोठी जनावरं धरावी लागतात. रेवाने स्वतःच तो नाद सोडला. सध्या ती प्राणिशास्त्रात बीएस्सी करते, सकाळी तबेल्यात असते. मानधन थोडं आहे. बाबा स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरायला लावतात, ती भरते. मीही नको म्हटलं नाही.

खुरं मोतद्दारकाका साफ करतात, त्यांच्या घोड्यांची वही रेवा लिहिते. पहिला महिनाभर आई रोज फाटकाबाहेर थांबायची. आता आठवड्यातून एकदा येते, पिशवीभर गाजरं घेऊन.