मॅड्रोनचे बॉनसाय करावे का?

प्रश्न : आम्ही उत्तर कॅलिफोर्नियात राहतो. जवळच्या डोंगरांवर मॅड्रोनची तांबूस सालीची सुंदर झाडे आहेत. त्यांतील एखादे लहान झाड मुळांसह काढून त्याचे बॉनसाय करता येईल का, की रोपवाटिकेत मिळणारी स्ट्रॉबेरी ट्री घ्यावी? पुण्यातील माझ्या बहिणीलाही ही हौस आहे.

उत्तर : डोंगरावरचे झाड काढू नये. सरकारी उद्यानांतून झाडे नेण्यास मनाई आहेच. परंतु जागा खासगी असली आणि मालकाची संमती मिळाली, तरी सल्ला हाच राहील. मॅड्रोनची मुळे खडकाळ उतारांत खोल जातात, तेथील बुरशींशी त्यांचे सहजीवन असते आणि ती दुखावली की मोठे झाड सहसा सावरत नाही. बॉनसायमध्ये तर ठरावीक काळाने मुळे छाटावीच लागतात. शिवाय मॅड्रोनचे पान पुष्कळदा १० सेंटिमीटरांहून लांब असते, त्यामुळे वीतभर झाडावर ते विशोभित दिसते. करून पाहायचेच असेल, तर बियांपासून वाढवलेले अगदी कोवळे रोप घ्यावे; मात्र ज्या सालीवर आपण भाळलात, ती दिसण्यास बरीच वर्षे थांबावे लागेल.

स्ट्रॉबेरी ट्री ही मॅड्रोनच्याच प्रजातीतील (जीनसमधील) पण वेगळ्या जातीची, भूमध्य सागराभोवती आणि आयर्लंडच्या नैऋत्य भागात आढळणारी झाडे होत. माद्रिद शहराच्या मानचिन्हात अस्वलाशेजारी उभे असलेले झाड ते हेच. कुंडीसाठी मी निःसंकोचपणे याचीच निवड करीन. पाने तुलनेने लहान असतात आणि छाटणीनंतर जुन्या लाकडावरही फुटवे येतात. ‘कॉम्पॅक्टा’ हा बुटका वाण मिळाल्यास उत्तम. वसंतात नवी पालवी फुटण्याच्या सुमारास कुंडी बदलावी आणि एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक मुळे कापू नयेत. माती प्युमिससारख्या (ज्वालामुखीच्या हलक्या, सच्छिद्र दगडासारख्या) भरड, पाण्याचा झटपट निचरा होणाऱ्या घटकांची असावी. वरचा थर सुकल्यावरच भरपूर पाणी द्यावे, कारण उन्हाळ्यातील सततची ओल मुळे कुजवते. साल पातळ असल्याने आकार देण्यासाठीची तार कोवळ्या फांद्यांनाच, सैलसर गुंडाळावी आणि रुतण्यापूर्वी काढावी.

फुलांचे घोस फांद्यांच्या टोकांना येतात, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस सगळे शेंडे खुडले तर त्या शरद ऋतूत फुले दिसणार नाहीत. फळ पिकण्यास सुमारे वर्ष लागते; त्यामुळे मागील वर्षाची लाल फळे आणि नवी पांढरी फुले एकाच वेळी झाडावर दिसतात, आणि या झाडाची खरी शोभा त्यातच आहे. फळे खाण्याजोगी असली तरी चवीला जेमतेमच असतात. लहान झाडावर त्यांतील थोडीच ठेवावीत, अन्यथा ते थकते.

पुण्याबद्दल मात्र मी उत्साह दाखवणार नाही. या झाडांना हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा मानवतो, तर आपल्याकडे उबदार हवेतच चार महिने कुंडी भिजत राहते. बहिणीने उंबर किंवा चिंच घ्यावी. दोन्ही छाटणी चांगली सोसतात.