चर्चमध्ये नवे पाळक (धर्मगुरू) येणार आहेत? स्वागत समितीत पहिल्यांदाच असाल तर

हार-सत्काराचं नंतर बघा, आधी पाळकगृह, म्हणजे पाळकांचं राहायचं घर बघा. कुटुंब राहायला येण्याच्या निदान आठवडाभर आधी नळ, वायरिंग, कुलपं तपासून घ्या. चर्चच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या लावून ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या जेवणाच्या पाळ्या लावा आणि पथ्य आधी विचारा, नाहीतर एकाच संध्याकाळी पाच घरांचे डबे येतात.

खरी मदत कागदावरची. सभासदांची यादी, आजारी आणि घराबाहेर पडू न शकणारे, वर्षभरात ज्यांच्या घरी मृत्यू झाला ती कुटुंबं, ठरलेले बाप्तिस्मे आणि लग्नं हे सगळं लिहून द्या. उपासनेचा क्रमही द्या: प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) केव्हा असतं, लोक पुढे येतात की जागेवर घेतात, कोण वाटतं. हे तोंडी राहिलं की पहिल्याच रविवारी वेदीपाशी गोंधळ होतो. जुन्या वादांच्या कहाण्या मात्र पहिल्या भेटीत मुळीच नकोत. पाळक नकळत एका गटाचे ठरतात.

त्यांच्या जोडीदारावर लगेच संडे स्कूल किंवा गायनमंडळ सोपवू नका. आधीच्या पाळकांना लग्न लावायला बोलवायचं असेल, तर नव्या पाळकांना आधी विचारा, परस्पर निरोप धाडू नका.