नागपूरच्या बर्डीतल्या जुन्या ऑफिस बिल्डिंगमधला लॉफ्ट घर म्हणून घ्यावा का?

तुम्ही म्हणता जुन्या ऑफिसच्या बिल्डिंगीत लॉफ्ट, म्हणजे ऑफिसच्या मजल्याची उंच छताची घरं, निघून राहिले, १४ फूट उंच छत, घ्यायचा का. घ्या. १८७७ च्या एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा झाला, त्यापेक्षा भिंती ठेवून त्यात माणसं राहिलेली बरी. मी सदरमध्ये अशाच एका ऑफिसच्या मजल्यावर फॅमिलीसकट राहतो. फक्त छत पाहून भुलू नका, आधी संडास-बाथरूम पहा.

आमच्या वास्तूच्या दिवशी मोठे साळे बाथरूमच्या पायरीला ठेचकाळले अन् पंगतीसमोर म्हणाले, "ऑफिसात कोणी संसार करते का बाप्पा, हा मजला वजन तरी पेलन का!" आता ती पायरी काऊन आहे ते ऐका. ऑफिसात संडास एकाच टोकाला, जिन्यापाशी, सगळ्या मजल्याला मिळून. त्या मजल्याचे भाग करून घरं केली की प्रत्येकाला आपली मोरी पाहिजे, अन् पाणी उताराशिवाय जात नाही, ४ इंची पाइपला ४० ला १ उतार धरतात म्हणजे डक्ट (पाइप खाली उतरायची उभी पोकळी) २० फुटांवर असला की ६ इंच तिथंच गेले. नव्या फ्लॅटमध्ये त्यासाठी बाथरूमचा स्लॅबच खाली घेतलेला असतो, इथं फरशी वर उचलावी लागते. मिस्त्री तो भराव विटांच्या तुकड्यांनी करत होता, मी उभं राहून सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सिमेंटी ब्लॉकचे, तुकडे टाकायला लावले, वजन निम्म्याच्याही खाली येते.

अन् वजनाचंच म्हणाल तर डिझाइन करताना घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला २०० किलो धरतात, ऑफिसला २५० ते ४००. फायलींची कपाटं पेललेल्या मजल्याला आमचा दिवाण जड होते काय? स्वतः साळे बेसाला ९ फुटी छताखाली मे महिन्यात दोन एसी लावून बसतात, आमचं एका कूलरवर भागते.

हे सगळं आरसीसीच्या बिल्डिंगीचं बरं का. सागवानी कडीपाट असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा कागद मागाच. हेरिटेज यादीत असेल तर रस्त्याकडच्या खिडकीला कूलरचं स्टँड ठोकायलाही आधी परवानगी पहावी लागते, म्हणून मागं खिडकी आहे का ते बघा. पार्किंगचं विचारू नका, पण मेट्रोच्या दोन्ही लाइन बर्डीतच मिळतात. ऑफिसचं घर करायची, म्हणजे वापरबदलाची, मंजुरी नसेल तर बँक लोनला नाक मुरडते अन् लाइटचं मीटरही कमर्शियलच राहते, तो कागद पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. भाव किती द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.